एकोणतिसावा चिंचोका

एका शनिवारी संध्याकाळी मी चंद्र बघितला आणि घरी येऊन सांगितलं, दिसला नाही.

आयुष्यात मूर्खपणा मी पोत्यानं केला. काही पोती अजून फोडलेलीसुद्धा नाहीत. पण त्या एका वाक्याएवढा महाग मूर्खपणा दुसरा झाला नाही, आणि तो महाग पडला दुसरीलाच. मला काय, मी आज दात पडलेल्या तोंडानं गोष्ट सांगत बसले आहे.

तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. नाक वर, अक्कल खाली. माहेर भोरचं. भोर म्हणजे संस्थानचं गाव; राजाचा वाडा, कचेऱ्या, भरलेला बाजार. आणि सासर तिकडं वेल्ह्याच्या डोंगरात, जिथं पावसात वाट बुजली की चार महिने माणूस माणसाला दिसत नाही. गावात मुसलमानाचं घर एकच, मुलाण्याचं, तेच आमचं. सासरे आणि माझा नवरा आसपासच्या वाड्यांवर बकरी कापायला जायचे, आठ-आठ दिवस फिरतीवर असायचे. घरात आम्ही दोघी-तिघी बायका मोडकी दखनी बोलायचो, पण भांडायला मराठीच लागायची. आणि भांडण रोज असायचं, म्हणून मला त्या घरातलं जे आठवतं ते सगळं मराठीतच आठवतं.

सासू तुंबडी लावायची. तुंबडी म्हणजे काय हे आता नातसुनांना फोड करून सांगावं लागतं. बकऱ्याचं पोकळ शिंग, टोकाला बारीक भोक. रुंद तोंड दुखऱ्या जागेवर टेकवायचं, टोकाकडून तोंडानं वारा ओढायचा आणि जिभेनंच मेणाची गोळी भोकावर बसवायची. आत कातडं पुरीसारखं फुगतं. मग शिंग काढून वस्तऱ्याचे बारीक टोचे मारायचे आणि पुन्हा शिंग लावायचं. येईल ते काळं रक्त राखेत धरून परसात पुरायचं. पाठ धरलेल्या, मान आखडलेल्या, डोकं ठणकणाऱ्या बाया डोंगर उतरून तिच्याकडं यायच्या. पुरुषांना ती हात लावायची नाही.

पण ती वाटेल त्या दिवशीही हात लावायची नाही. चंद्र चढता असला की रक्त अंगात उसळतं, चंद्र उतरायला लागला की रक्त निवतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. म्हणून चंद्राची सतरावी, एकोणिसावी आणि एकविसावी, एवढ्या तीनच तारखा. त्यातसुद्धा वार बघायचा. सोमवार, मंगळवार, गुरुवार चांगले. बुधवारी तुंबडी लावली तर अंगावर कोड फुटतं. शुक्रवार, शनिवार, रविवार वर्ज्य. वेळ सकाळची, पोट उपाशी. आणि सतरावी जर मंगळवारी आली, तर त्या दिवशीची तुंबडी वर्षभराचं दुखणं घेऊन जाते. भोरच्या मशिदीतले मौलवी म्हणायचे, नड असली तर कधीही लावावी, दीन एवढा कठोर नाही. सासूला हे सांगितलं की ती म्हणायची, "मौलवीला काय जातंय. शिंग माज्या तोंडात आसतंय."

तारीख ठेवायचं काम माझ्याकडं होतं. तिच्या डोळ्यांत फूल पडायला लागलं होतं, कानानंही ती जड झाली होती. ओटीवरच्या कोनाड्यात एक गाडगं होतं. चंद्र दिसला की त्या संध्याकाळी त्यात एक चिंचोका टाकायचा. आमचा दिवस मावळतीलाच सुरू होतो. मग रोज दिवेलागणीला एकेक. एकोणतीस झाले की पुन्हा चंद्र बघायला जायचं. दिसला तर गाडगं रिकामं, नाही दिसला तर तिसावा टाकायचा. सासू रोज सकाळी गाडग्यात हात घालून चाचपून मोजायची. "मानसं खोटं बोलत्यात, चिंचोकं बोलत न्हाईत," असं तिचं म्हणणं. कुणी घोळ घातला की हेच वाक्य.

चंद्र बघायलाही मीच जायची. आमचं घर दरीत, पश्चिमेला डोंगराची भिंत. सूर्य लवकरच तिच्यामागं पडायचा आणि नवा चंद्र तर अंगणातून दिसायचाच नाही. गोठ्यामागून वर कातळावर चढावं लागायचं. सासूचे गुडघे गेलेले. म्हणजे त्या घराचा महिना कधी सुरू होणार ते माझ्या दोन डोळ्यांवर. एवढी मोठी सत्ता पंधरा वर्षांच्या, पागेतल्या भिस्त्याच्या पोरीच्या हातात आली, तर ती काय करणार?

हो, भिस्त्याच्याच. आता तिथंच येते.

त्या हिवाळ्यात माझी मोठी नणंद माहेरी आली होती. तिला मी आपा म्हणायची. ती आंबवड्याला दिलेली, घर भाताचं. उखळात भात कांडून कांडून तिचा उजवा खांदा धरला, मान एका बाजूला कलली, हात छातीच्या वर जाईना. दुपारी झोपली तरी कण्हायची. तिच्या सासूनं निरोप धाडला होता, अगदी मोजून: तीन आठवड्यांनी रविवारी गाडी घेऊन येतो, हात चालता असला तर नेऊ, नसला तर असू दे तिकडंच, आमच्याकडं माझी भाची रिकामी आहे. म्हणजे सवत दारात उभी होती. तीन आठवड्यांत हात वर गेला तर आपाला घर होतं, नाहीतर नव्हतं.

सासूनं बोटांवर हिशेब मांडला होता. "शनवारी चंद्र दिसला तर पयली रविवारी. सतरावी मंगळवारी! मंगळवारी येक तुंबडी, बेस्तरवारी येकोणिसावीला दुसरी. रविवारी पोरगी गाडीत." हे बोलताना तिचा चेहरा उजळला होता. कठोर बाई, पण लेकीसाठी मंगळवारची सतरावी मिळणार म्हणून लहान पोरीसारखी खूश झाली होती.

आपा आणि मी एकमेकींना पाण्यात बघायचो. दोष तिचा सांगायला सोपा आहे, आधी माझाच सांगते. तिची कलती मान मी शेळ्यांना करून दाखवायची. शेळ्या टकामका बघायच्या, मला वाटायचं दाद देताहेत. आपानं हे एकदा दाराआडून बघितलं. राखून ठेवलं.

त्याच शनिवारी सकाळी ओढ्यावर तिनं ते काढलं. मी तिची लुगडी धूत होते, ती काठावर हात गळ्यात बांधून बसलेली. गावातल्या सात-आठ बाया होत्या. मी माझं नेहमीचं सुरू केलं: भोरच्या वाड्यात काचेची झुंबरं आहेत, दरबाराला असं असतं, माझा बाप वाड्यात असतो, राणीसाहेबांची गाडी मी हातभर अंतरावरून बघितली. ह्या बायांनी भोर जन्मात बघितलं नव्हतं. त्या कपडे धोपटायचे थांबून ऐकत होत्या आणि मी फुगत चालले होते.

आपा म्हणाली, "व्हय गं, हिचा बाप वाड्यातच आसतो. पागेत. घोड्यास्नी पखालीनं पानी पाजतो." मग जरा थांबून, "आन घोडं प्यालं की उरलेलं ही मानसं पितात."

बाया अशा हसल्या की एकीची कळशी सुटून ओढ्यात गेली आणि ती आणायलाही कुणी उठेना. बाप पागेत पाणी घालायचा हे खरंच होतं, म्हणून तर झोंबलं. त्या दिवसानंतर मी पाण्याला गेले की कोणीतरी घोड्यासारखं फुरफुरायचं.

संध्याकाळी कातळावर चढले. ऊन डोंगराआड गेलं होतं, आभाळ स्वच्छ. आणि तो होता. नखाच्या कातरीएवढा, पण स्पष्ट. मी दुवा म्हटली, हात तोंडावरून फिरवले, आणि मग ती पोरगी, म्हणजे मी, तिथंच उभी राहून बोटं मोजायला लागली. दिसला म्हटलं तर सतरावी मंगळवारी. नाही म्हटलं, तर उद्या दिसणार, पहिली सोमवारी, सतरावी बुधवारी. बुधवार वर्ज्य! मग बाईसाहेबांना एकोणिसावीपर्यंत दोन दिवस जास्त कण्हावं लागेल. कण्हू दे. घोड्याचं पाणी पिऊ दे.

दोन दिवस. तेवढीच माझी दुष्टाई होती, खरं सांगते. पुढचं मोजायचं मला सुचलंच नाही. माझी अक्कल सतरापर्यंतच गेली आणि तिथं बसली.

उतरताना मला हसू आवरत नव्हतं. सासू नुकती नमाज आटपून चटई गुंडाळत होती, आपा खांबाला टेकलेली.

"दिसला?" सासूनं विचारलं.

"न्हाई, अम्मा."

"नीट बघितलंस? ढग हुतं का?"

"ढग न्हाई. चंद्रच न्हाई."

रविवारी तो दिसलाच. चांगला वर आला होता, अंगणातून डोंगराच्या डोक्यावर दिसत होता. आपा मान वाकडी करून बघत म्हणाली, "लई जाड दिसतोय. कालचाच आसंल ह्यो."

"भोरला असाच दिसतो," मी म्हटलं. काय उत्तर! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

सासू म्हणाली, "जाड-बारीक बगायचं नसतं. दिसला त्या दिसापास्नं मोजायचं." मी गाडग्यात चिंचोका टाकला. आणि म्हातारीनं बोटं धरली. "सोमवार येक. आठ सोमवार. पंधरा सोमवार. सतरा... बुधवार." ती थांबली. "एकोणीस शुक्कीरवार." आणखी थांबली. "एकवीस रविवार."

तिनं बोटं मिटली.

"ह्या महिन्यात तुंबडीच न्हाई," ती म्हणाली.

आपा रडली नाही. तिनं डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला आणि तशीच आत गेली. मी अंगणात उभी राहिले. तीन तारखा, एक सोडून एक, म्हणजे वारही एक सोडून एक येणार, आणि एक घसरला तर तिन्ही घसरणार. हे भोरला मदरशात गेलेल्या, पन्नासपर्यंत पाढे पाठ असलेल्या मुलीला कळलं नाही. अडाणी सासूला तीन श्वासांत कळलं.

तरी वेळ गेली नव्हती. मंगळवारपर्यंत सोळा दिवस होते. सोळा दिवस रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगते. आणि सासूचा चेहरा बघितला की ठरवलेलं गिळायची. तिनं मला त्याच पावली भोरला धाडलं असतं. भोरला परत जायचं म्हणजे ज्या आईनं आठ दिवस रडून पाठवणी केली तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, का आलीस, तर चंद्र लपवला म्हणून. खोटं बोलायला एक श्वास लागला होता आणि खरं बोलायला सोळा दिवस पुरेनात. एवढी घाबरट मुलगी होते मी, आणि कातळावर उभी राहून स्वतःला कोण समजले होते!

रोज सकाळी आपाची वेणी मीच घालायची, तिचा हात वर जात नसे म्हणून. आधी मी मुद्दाम केस ओढायची. आता हळू हळू विंचरायला लागले. तीन-चार दिवसांनी ती म्हणाली, "काय गं भोरवाले, हात मऊ का पडला? काय खाल्लंस?"

"काय न्हाई, आपा."

"मग वढ की पैल्यासारकं. ह्या आसल्या हातानं मला भ्या वाटतंय."

खरा मंगळवार आला. आमच्या शेजारी शेतकऱ्याचं घर होतं, तिथली बाई दरवर्षी एकदा पाठीला तुंबडी लावून घ्यायची. गावातल्या बायांची संकष्टी आणि आमची सतरावी आगेमागेच येते, त्यामुळं तिला हिशेब ठाऊक होता. ती सकाळीच न खातापिता येऊन ओटीवर पाठ मोकळी करून बसली.

"लाव, मुलाणीबाई. आज अंगारकी हाय, पोटात पान्याबिगर काय न्हाई."

"आज न्हाई. आज आमची सोळावी."

"सोळावी? आगं दर टायमाला तुजी सतरावी येक तर संकष्टीला, न्हाईतर आदल्या दिशी. आज सोळावी कुटनं आली? आमचा गणपती चुकला का तुमचा चंद्र?"

सासूनं माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत फूल पडलेलं होतं तरी ते मला आरपार बघत होते. "ही वर गेली हुती," ती म्हणाली. "आमचा महिना पंचांगावर चालत न्हाई, डोळ्यावर चालतो. बोल गं. शनवारी दिसला हुता?"

आतल्या दाराशी आपा आली होती. चौकटीला टेकून, वाकडी मान माझ्याकडं करून. तोंडातून एक शब्द काढायचा होता, आणि म्हातारी तिथल्या तिथं मेण तापवायला बसली असती. चूल पेटलेलीच होती.

"न्हाई," मी म्हटलं.

शेजारीण पदर ओढून उठली. "मग न्हाई तर न्हाई. अंगारकी वाया गेली माजी." आणि जाता जाता माझ्याकडं बघून घोड्यासारखी फुरफुरली.

दुसऱ्या दिवशी आपानं आईचे पाय धरले. मी चुलीशी होते, सगळं ऐकत होते.

"अम्मा, बुधवार तर बुधवार. लाव."

"येडी झालीस? कोड फुटंल."

"फुटू दे. कोड लुगड्याखाली झाकतं. ह्यो हात कशाखाली झाकू?"

"पोटच्या पोरीला म्या माज्या हातानं कोड देऊ व्हय?"

"मग सवत दे. ती दे माज्या पदरात."

सासूनं पाय सोडवून घेतले आणि परसात जाऊन बसली. शिंगं कोनाड्यातच राहिली. शुक्रवारी आपानं विचारलं नाही. वाळू तापवून फडक्यात बांधून मी तिचा खांदा शेकत होते, रोज तीनदा. तिला वाटलं असेल मला दया आली. दया कसली, भीती.

रविवारी आंबवड्याची गाडी आली. आपाची सासू, आपाचा नवरा आणि गाडीत सुतळीनं बांधलेली आपाची पत्र्याची पेटी. पुढं सगळा जन्म मी स्वतःला सांगत आले की पेटी आधीच गाडीत होती, म्हणजे त्यांचं ठरलेलंच होतं, माझ्यामुळं काही झालं नाही. पण तिच्यावरची सुतळी त्यांनी आल्या आल्या सोडली नव्हती, हेही मी बघितलं होतं. पेटी आली तशी परतही गेली असती.

चहापाणी झालं. आपाचा नवरा बैलांशी उभा राहिला तो आत आलाच नाही. आपाची सासू गोड आवाजाची बाई. म्हणाली, "सुनंच्या हातचं तांदूळ बगून लई दिस झालं. पसाभर भात कांड बगू."

आपानं उखळात भात टाकला. मुसळ उजव्या हातात घेतलं, डाव्यानं आधार दिला. छातीपर्यंत आणलं. तिथून वर जाईना. तिचा ओठ दाताखाली पांढरा झाला होता. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिनं अंग झोकून मुसळ उचललं आणि ते वेडंवाकडं उखळाच्या काठावर आदळलं, तिच्या पायावर घसरलं, आणि भात सगळ्या अंगणात उधळला. कोंबड्या धावल्या.

आपाची सासू तशीच गोड आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. कोंबड्यांची तरी सोय झाली."

मग तिनं मुलाला हाक मारली. त्यानं पेटी खाली ठेवली, ओटीवर, नीट, कोपरा बघून. आणि गाडी गेली. महिनाभरात भाचीचा निकाह झाल्याचं कळलं. पण ते कळायच्या आधीच आम्हाला कळलेलं होतं.

त्या दिवसापासून आपा संध्याकाळी गोठ्यामागच्या कातळावर जाऊन बसायची. तिथून आंबवड्याकडं जाणारी गाडीवाट एका वळणापर्यंत दिसते. मला ती जागा नकोशी झाली होती. पुढच्या रविवारी गाडग्यात अठ्ठावीस चिंचोके होते, म्हणजे चंद्र बघायला उद्या जायचं. मी मात्र मनातल्या मनात खरं मोजत होते. खरे एकोणतीस आजच भरले होते. आज चंद्र दिसला तर महिना अठ्ठावीस दिवसांचा होणार, आणि चंद्राचा महिना अठ्ठाविसाचा कधीच नसतो. एकोणतीस, नाहीतर तीस. शेंबडं पोरही सांगेल की कुणीतरी पहिला दिवस खाल्ला. मी दुपारपासून ढग मागत होते. हिवाळ्यातलं आभाळ, त्यात ढग कुठले!

आपा कातळावरून खाली आली ती सरळ ओटीवर. सासू आत नमाजासाठी वजू करत होती. आपानं कोनाड्यातलं गाडगं घेतलं, माझ्यासमोर बसली आणि सगळे चिंचोके माझ्या ओच्यात ओतले. मग डाव्या हातानं एकेक उचलून गाडग्यात टाकायला लागली. मोठ्यानं नाही, नुसते ओठ हलत होते. अठ्ठावीस झाले. ओचा रिकामा. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. आणखी काही लागलं नाही.

मला वाटलं, आता ओरडेल. तिनं चुलीमागच्या टोपलीतून एक चिंचोका आणला आणि गाडग्यात टाकला. टक्कन आवाज झाला.

"अम्मा," ती आत बघून म्हणाली, "चंद्र दिसला."

"आज?" सासू ओल्या हातांनी बाहेर आली. "आज कसा दिसंल? अठ्ठावीसच झालं की."

"एकोणतीस हायत. मोज."

म्हातारी गाडगं मांडीवर घेऊन बसली. एकदा मोजले. पुन्हा मोजले. "एकोणतीस," ती म्हणाली. चिंचोके खोटं बोलत नाहीत, म्हणजे सकाळचं तिचंच मोजणं चुकलं असणार. "म्हंजे पयली रविवारी हुती. मग म्या सोमवार का धरला?" ती माझ्याकडं वळली. "तू शनवारी काय सांगितलं हुतंस मला?"

आपाच बोलली, शांतपणे, दळण दळताना बोलावं तशी. "हिनं शनवारीच सांगितलं, दिसला म्हणून. चिंचोकाबी तवाच टाकला. तूच चटई गुंडाळत हुतीस, तुला न्हाई आलं ऐकू. मंगळवारीबी ही व्हयच म्हणाली, तेबी तू न्हाई ऐकलंस."

"मंग सतरावी..." म्हातारीनं बोटं धरली. "सतरावी मंगळवारी. ती शेजारीण सांगत हुती, अंगारकी, अंगारकी. म्या तिला घालवली." गाडगं मांडीवरून घरंगळलं, चिंचोके ओटीभर झाले. "मंगळवारची सतरावी हुती आन म्या पोरीला तशीच ठिवली? माज्या पोरीला? म्या?"

तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. एक, दोन, आणखी. मी हात धरायला उठले नाही. आपाही उठली नाही. ती चिंचोके वेचत होती, एका हातानं, सावकाश, आणि आईकडं बघत होती. पाय धरले होते ना तिनं त्या बुधवारी.

त्या रात्रीपासून पुढचा महिना सुरू झाला. आता पहिली खरोखरच सोमवारी आली. सतरा बुधवार, एकोणीस शुक्रवार, एकवीस रविवार. मी खोटा महिना बनवला होता, तो अल्लानं पुढच्या खेपेला खरा करून माझ्या हातावर ठेवला. पण त्याचं आता कुणाला काही नव्हतं. सासूनं शिंगं, मेण आणि वस्तरा एका फडक्यात बांधून आढ्याला टांगलं. बाया डोंगर उतरून यायच्या आणि तशाच वाकलेल्या परत चढायच्या. "माजा हिसाब चुकतो," ती सांगायची. "माज्याकडनं करून घिऊ नगा." पुढं सात वर्षं जगली, फडकं सुटलं नाही. आपाचा खांदा त्याच उन्हाळ्यात आपोआप मोकळा झाला, कुणी काही न करता. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी घेऊन ओढ्यावरून यायची. आता माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, नातसून मोबाईलमध्ये बघून चंद्राची तारीख सांगते, आणि मी विचारते, "नक्की ना गं?" तिला वाटतं म्हातारी खवचट आहे.

पण मला सांगायचं होतं ते त्या चिंचोक्याच्या दुसऱ्या सकाळचं. सासू परसात फडक्याला गाठी मारत होती. आपा रोजच्यासारखी माझ्यापुढं पाठ करून बसली, केस मोकळे सोडले. मी फणी घेतली. केस सुटून जात होते. शेवटी न राहवून मी विचारलं, आपा, तुम्ही अम्माला सांगितलं का नाही? तिनं मान वळवली नाही. वळत नव्हतीच. समोर बघत म्हणाली:

"सांगितलं आसतं तर तिनं तुला कालच भोरला धाडलं आसतं, तुज्या घोड्यांकडं. सुटली आसतीस. मला आता कुटं जायचं न्हाई, भोरवाले, आन तुलाबी जाऊ द्येनार न्हाई. घाल, येणी घट घाल."